धाकट्याची गाडी उशिरा येतेय

ता. ४ मे

प्रिय धाकट्यास,

ताईचा सलाम. पोरींना पापा. घरात सगळे बरे असतील असं धरून चालते, कारण तसं कळायची काही सोय नाही. फोन केला की तुझा तो मदतनीस उचलतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ प्रार्थनेत आहेत." एवढी प्रार्थना तर आपल्या आजीनेही केली नव्हती रे, आणि तिला दुसरं काही कामच नव्हतं! म्हणून हे पत्र. तुझी प्रार्थना संपेपर्यंत ते टेबलावर पडून राहील, त्याचं काही बिघडत नाही.

इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. वयाप्रमाणे थोडं इकडचं तिकडे होतं, चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, एवढंच. माझी हॉस्पिटलची लाँड्री चालू आहे. चादरी येतात, चादरी जातात. नवीन मशीन आणलंय, ते धुतं कमी आणि थरथरतं जास्त. साहेब म्हणतात, सवय होईल. कुणाला, मला की मशीनला, ते सांगत नाहीत.

मुद्द्यावर येते. आपल्या चर्चच्या पाळकांकडे आता चार मंडळ्या दिल्यात. ते महिन्यातून एकदा येतात, घाईघाईत बोलतात आणि शेवटचं गाणं संपायच्या आत गाडीत बसतात. उरलेल्या रविवारी उपदेशाला कोण, हे बघायचं काम सेक्रेटरीचं. म्हणजे माझं. नाकी नऊ येतात बघ. चादर निदान येते म्हणून सांगून गायब होत नाही.

आपले दातांचे डॉक्टर घे. कमिटीवर आहेत, बोलतातही बरे, पण शनिवारी संध्याकाळी हमखास फोन. "ताई, घसा बसलाय." मी म्हटलं, "डॉक्टर, मागच्या वेळी कंबर होती." तर म्हणतात, "हो, ती आता पुष्कळ बरी आहे." काय बोलणार! दुसरे आपले 'आलोच' मास्तर. उपासना सुरू झाली तरी पत्ता नाही, फोन केला की "आलोच", आणि मागे नळ सोडल्याचा आवाज. माणूस अजून आंघोळीला बसायचाय. माइकवाल्याचं तर नावच काढू नकोस. माइकच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे आणि तो सासुरवाडीला.

राहिले बँकवाले काका. ते येतात. नेहमी येतात, सगळ्यांच्या आधी येऊन बाक पुसतात. पण एकदा उभे राहिले की थांबत नाहीत. आणि बाबांचा नियम तुला माहीत आहे: व्यासपीठावरचा माणूस स्वतः 'आमेन' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, खोकला आला तरी गिळायचा. पियानोवालीच्या नवऱ्याने भर उपदेशात भांडण काढलं होतं ना, त्यानंतर बाबांनीच तो घालून दिला. मंडळी अजून पाळते. काकांचा सगळा जोर त्या नियमावरच आहे, नाहीतर लोक केव्हाच पळाले असते.

तर महिन्याचा शेवटचा रविवार तुझा. तू फोनवर हो म्हणालास, मी लगेच फळ्यावर लिहून टाकलं. पण खरं सांगू, कमिटीत कुजबुज झाली. गेल्या वर्षी दोनदा तू ऐन वेळी आला नाहीस, ते लोक विसरलेले नाहीत. दातांचे डॉक्टर मला म्हणतात कसे, "काकांना राखीव ठेवा." बघ, कोण बोलतंय! माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "राखीव कशाला? माझा भाऊ आहे, शब्द दिलाय त्याने." आणि काकांकडे स्वतः जाऊन सांगून आले, त्या रविवारी खुशाल मुलीकडे जाऊन या. बिचारे इतके हरखले की मला दारापर्यंत सोडायला आले.

म्हणजे आता माझी मान तुझ्या हातात आहे हे ध्यानात ठेव. पण माझं सोड. बाबांसाठी ये. मोठमोठ्या सभागृहांत तुला हजारो लोकांनी ऐकलं, बाबांनी मात्र आपल्या चर्चमध्ये एकदाही ऐकलेलं नाही. त्यांची तेवढीच इच्छा उरली आहे. पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टांगून ठेवलाय, मला हात लावू देत नाहीत. उताराही त्यांनीच ठरवलाय, येशूने पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घातलं तो. "बेकरीची गाडी चालवणाऱ्याचा मुलगा आहे, भाकरीवर बोलायलाच पाहिजे," म्हणतात आणि स्वतःच हसतात. आठवतं ना तुला? आठवडाभर गाडीत मागच्या पावांना उपदेश करायचे आणि रविवारी तोच आपल्याला. तू पुढच्या सीटवर बसून मान डोलवायचास. मी एकदाच बसले होते, मला मळमळलं.

येतोस ना? लांबलचक लिहू नकोस. 'हो' एवढंच लिही, मला पुरे.

तुझी,
ताई
(आणि नाइलाजाने सेक्रेटरी)


ता. ३० मे

प्रिय धाकट्यास,

सलाम. तुझ्या मदतनिसाचा निरोप सोमवारी मिळाला. भाऊंची गाडी वाटेत बंद पडली, फोन लागत नव्हता, भाऊ फार दुःखी आहेत. बरं. गाडी म्हणजे यंत्रच, ते कधीही दगा देतं. तुला काही लागलं नाही ना, तेवढं कळव.

रविवार पार पडला. तू यायचास म्हणून आम्ही जरा जास्त गाणी म्हटली. पियानोवालीची बोटं दुखून आली. मग बाबाच थोडं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी काही बोललं नाही.

बाबा जरा दमलेत. घरातच असतात. खिडकीशी खुर्ची ठेवून दिली आहे. जेवण कमी झालंय, पण उन्हाळ्यात सगळ्यांचंच होतं.

लाँड्रीतलं नवीन मशीन बंद पडलं. दोन दिवस हाताने पिळलं आम्ही बायकांनी. त्यामुळे बोटं आखडली आहेत, जास्त लिहवत नाही.

तुझी,
ताई


ता. १९ जून

धाकट्या,

पत्र मिळालं. कागद फार छान आहे, वर तुझं नाव छापलेलं. पुढच्या महिन्यातला कुठलाही रविवार दे, या वेळी नक्की, काही झालं तरी नक्की, असं लिहिलंयस. मी आधी उत्तर देऊन टाकते, उगीच शेवटपर्यंत ताटकळायला नको. नाही. तुला रविवार मिळणार नाही. पुढचा नाही आणि त्याच्या पुढचाही नाही.

आता का, ते ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं, रविवार पार पडला. बोटं आखडली होती हे खरं होतं, बाकी सगळी सारवासारव. सगळं लिहायला म्हणूनच बसले होते. बाबा समोर खिडकीशी होते, मला म्हणाले, "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, "धाकट्याला." तर त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढे हात चालेना.

आधीची गोष्ट आधी. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो ही गंमत नाही. बाबांना विसरण्याचा आजार आहे. थंडी संपता संपता डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, हा आता वाढतच जाणार. तेव्हापासून बाबांना व्यासपीठावर जाऊ द्यायचं नाही, हे मी आणि कमिटीने गुपचूप ठरवलं होतं. तुला कळवलं नाही, कारण बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं. "धाकट्याला सांगू नकोस," म्हणाले, "सगळी कामं टाकून धावत येईल." माझ्या अगदी ओठावर आलं होतं, बाबा, कुठल्या धाकट्याबद्दल बोलताय? गिळून टाकलं.

त्या रविवारी बाबा सकाळपासून तयार. पांढरा शर्ट, बूट चकचकीत. पहिल्या बाकावर कडेला बसले, तू व्यासपीठावरून उतरलास की आधी त्यांच्याशी हात मिळवता यावा म्हणून. वक्त्याच्या खुर्चीशेजारी मी तुझ्यासाठी पाण्याचा ग्लास झाकून ठेवला होता. प्रार्थना झाली, वाचन झालं, भाकरींचा उताराच वाचला. खुर्ची रिकामी. पियानोवालीने माझ्याकडे पाहिलं, मी बोटाने खूण केली, अजून एक गाणं. मग अजून एक. लोक पुस्तकातली पानं उलटून उलटून गात होते आणि दर कडव्याला मागे दाराकडे बघत होते. दातांचे डॉक्टर नुसते माझ्याकडे बघत बसले. त्यांनी एक शब्द काढला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मी उठले आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुझ्या फोनवर फोन केले, वाजतच नव्हता. आतली गाणी थांबली. धावत आत आले तर बाबा व्यासपीठाची शेवटची पायरी चढत होते. पियानोवालीला जाता जाता म्हणाले म्हणे, "धाकट्याची गाडी उशिरा येतेय. तोवर मी सांभाळतो."

आयुष्यभर हेच केलं त्यांनी. शाळेत तू उशिरा गेलास तरी बाबाच तुझ्या वतीने उभे.

सुरुवात काय सुंदर केली रे! तोच जुना आवाज. माइक नव्हता, किल्लीवाला आलाच नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं. मला क्षणभर वाटलं, डॉक्टर चुकले असतील. रानात लोक भुकेले बसलेत, एका पोराच्या टोपलीत पाच भाकरी आहेत, तिथपर्यंत अगदी खणखणीत बोलले. मग म्हणाले, "टोपली." थांबले. पुन्हा म्हणाले, "टोपली... ट्रे." आणि त्यांची ती बेकरीची फेरी सुरू झाली. शाळा, तीन ट्रे. हॉस्पिटलचं कॅन्टीन, पाच ट्रे, मागच्या दाराने. पुलाजवळचं दुकान, एक ट्रे, मालक कटकट्या आहे. वसतिगृह. पुन्हा शाळा. हात पुढे धरलेले, व्यासपीठाचा काठ धरून, गाडीचं स्टिअरिंग धरावं तसे.

कुणी हसलं नाही, हे मंडळीच्या बाजूने सांगते. पण कुणी उठलंही नाही. बाबांचाच नियम ना. उभा राहिलेला माणूस आमेन म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. सगळे मान खाली घालून मूग गिळून बसले, आणि बाबांना तर आमेन सापडतच नव्हता. मी मागच्या भिंतीला टेकून उभी. मीही हलले नाही. त्यांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्यासमोर मोडायची, आणि तीही मी? मला वाटत होतं, आता म्हणतील. आता म्हणतील.

मग त्यांनी बाजूला पाहिलं. डावीकडे, तुझ्या त्या खुर्चीकडे. "धाकटा कुठंय?" म्हणाले. "इथे होता पुढच्या सीटवर. कुठंय?" त्यांचा आवाज बदलला. "कुठल्या दुकानात विसरलो मी त्याला? शाळेपाशी उतरला होता का? अहो, कुणी पाहिलं का माझ्या मुलाला? एवढासा आहे. निळा स्वेटर आहे." सगळ्यांकडे बघून विचारत होते. "गाडी वळवा," म्हणाले, "कुणीतरी गाडी वळवा."

तेव्हा मी मागून ओरडले, "आमेन!"

ओरडलेच रे. प्रार्थनेचा आवाज नव्हता तो. आणि सगळी मंडळी एका दमात, सुटल्यासारखी, "आमेन" म्हणाली. बाबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं, धाकट्या. बाकी काही कळलं नसेल, पण मध्येच कुणीतरी आपला उपदेश बंद पाडला, हे कळलं. गुपचूप उतरले. पायऱ्यांवर मी हात धरला तेव्हा हळूच म्हणाले, "सापडला का?" मी म्हटलं, "सापडला, बाबा."

पण घरी तू नव्हतासच. म्हणून खिडकी. दिवसभर तिथे बसायचे आणि रस्त्यावरून पोर गेलं की उठायला बघायचे. चहा दिला की "सापडला का?" कपडे बदलायला घेतले की "सापडला का?" मी कामावर गेले की आपली शेजारची शिंपीणबाई येऊन बसायची. तिनेही किती वेळा सांगायचं, सापडला म्हणून! शेवटी तिला कीव आली आणि तिने आपल्या फोनवर तुझं भाषण लावून दाखवलं. "हा बघा तुमचा मुलगा. मोठा झालाय, छान आहे." भल्या बुद्धीने केलं तिने.

मी लाँड्रीतून आले तर दोघं डोकी जोडून बघत होते. बाबांचे डोळे वाहत होते. मीही मागे उभी राहून पाहिलं. मोठं सभागृह, फुलं, तू निळ्या कोटात. तुझ्यामागे पडद्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत सभेची तारीख होती. आपल्याच रविवारची. सकाळचीच सभा.

गाडी बंद पडली म्हणे!

आणि बोलत काय होतास, तर बेकरीची गाडी. पावांना उपदेश करणारे बाबा. लोक हसत होते, रुमाल काढत होते. शेवटी तू म्हणालास, माझे वडील आजही ठणठणीत आहेत, आणि आत्ता या क्षणी आमच्या लहानशा मंडळीत बसून ते माझ्यासाठी प्रार्थना करताहेत. त्या क्षणी ते तुला शोधत होते रे. सगळ्यांना तुझ्या स्वेटरचा रंग सांगत होते. लाज वाटायला हवी होती तुला. मला तर शिंपीणबाईसमोर तुझी बहीण म्हणून ती वाटली.

मी फोन हिसकावून घेणार होते. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आला की गं. आला आणि काय बोलला! तू उगीच त्याला नावं ठेवतेस." त्यांच्या डोक्यात आता हे असं पक्कं बसलंय: तू आलास, आपल्या चर्चमध्ये, आपल्या व्यासपीठावरून बोललास, ते पहिल्या बाकावर होते. आपण स्वतः वर चढलो होतो हे पार पुसलं गेलंय. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

आणि मंडळीने ते सांभाळून घेतलं. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "तुमचा मुलगा फार छान बोलला." 'आलोच' मास्तर सांगून गेले. दातांचे डॉक्टर, ज्यांनी जन्मात कुणाला गोड शब्द दिला नाही, ते बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाकरींचा काय अर्थ उलगडला त्याने!" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, मी काकांना राखीव ठेवा म्हटलं होतं." मी म्हटलं, "म्हटलं होतं, डॉक्टर." त्यांचा घसा खरंच बसला होता त्या दिवशी.

बँकवाले काका मुलीकडून आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. आले आणि रडले. म्हणाले, "मी इथे असतो तर..." तेव्हापासून सगळे रविवार त्यांचेच आहेत. बोलतात फार, पोरं पेंगतात, पण मी आता घड्याळ बघत नाही. माणूस सांगितल्या दिवशी येतो आणि उभा राहतो, मला तेवढं पुरतं. फळ्यावरून तुझं नाव मी स्वतः पुसलं. कमिटीने सांगितलं म्हणून नाही.

आता शेवटचं, आणि हे मी अख्ख्या पत्रात मागे ढकलत आणलंय. बाबा फार दिवसांचे नाहीत. तुझं भाषण झालं असं डोक्यात बसल्यापासून ते एकदम सैल पडले. "आता तो सांभाळेल," म्हणाले आणि अंथरूण धरलं. घास गिळत नाहीत, छातीत कफ भरलाय. डॉक्टर येतात, माझ्याकडे बघून मान हलवतात आणि जातात. मी लाँड्रीतून रजा घेतली आहे.

जेवायच्या आधी प्रार्थना अजून तेच करतात, दोन शब्द जरी जमले तरी. पण शेवटाला येऊन थांबतात. आमेन म्हणत नाहीत. डोळे उघडून माझ्याकडे बघतात, मी म्हणेपर्यंत. रोज. मला ते बघवत नाही रे. पण म्हणते. कुणीतरी म्हणायलाच हवं.

आणि ते भाषण आता दिवसभर पुरत नाही. सकाळी ठीक असतात, तुझं कौतुक करतात. ऊन उतरलं की हात चादरीवर फिरायला लागतो, बाजूची जागा चाचपतात. मग तोच प्रश्न. कुठल्या दुकानात विसरलो? शिंपीणबाई फोनवर भाषण लावते, ते बघतात आणि म्हणतात, "हे मोठे गृहस्थ आहेत. माझा मुलगा लहान आहे." त्या वेळी सापडला म्हणून सांगून भागत नाही. बाजूला कुणी लागतं.

म्हणून सेक्रेटरी म्हणून माझं उत्तर आहे ते आहे. व्यासपीठ नाही, खुर्ची नाही, पाण्याचा ग्लास नाही. तुझ्या बहिणीचं उत्तर वेगळं आहे. घरी ये. कोट घालू नकोस, मदतनिसाला आणू नकोस. पलंगाच्या डाव्या बाजूला स्टूल आहे, तिथे बस. सकाळ असेल तर ते म्हणतील, छान बोललास. तेव्हा माफीबिफी मागत बसू नकोस, स्वतःचं मन हलकं करून घ्यायला तुला दुसरीकडे पुष्कळ जागा आहे. म्हण, "तुम्ही समोर होतात म्हणून, बाबा." इतकी वर्षं एवढं खोटं बोललास, हे एक त्यांच्यासाठी बोल. आणि संध्याकाळ असेल तर काहीच बोलू नकोस. हात त्यांच्या हाताखाली नुसता ठेव, त्यांचं काय ते त्यांना कळेल. आणि प्रार्थनेच्या शेवटी ते थांबले, तर त्या दिवशी आमेन तू म्हण. मला एक दिवस सुटी दे.

तू येणार असं मी बाबांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. या खेपेला कुणी दाराकडे बघत बसणार नाही.

मागे लिहिलं होतं, 'हो' एवढं लिही. या पत्राला उत्तर लिहू नकोस. 'हो' तर मुळीच लिहू नकोस. नुसता ये.

तुझी,
ताई